घरोब्याच्या गोष्टी : दूरचा आवाज का तुटतो?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, एका शनिवारी सकाळी, आमच्या शेजारच्या मावशी आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. एरवी मावशी यावयाच्या म्हणजे आधी त्यांचा आवाज येतो व मागाहून त्या येतात. त्या दिवशी मात्र बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. चहाचा पेला रिकामा झाल्यावर त्यांनी पदराने डोळे टिपले व म्हणाल्या, "मुलगा दुरावला हो माझा."

त्यांचा मुलगा सहा वर्षांपासून कुवेतला आहे. तेथे शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी तो इंटरनेटवरून आईला फोन करतो. आदल्या दिवशीही त्याचा फोन आला होता. मावशींनी विचारले, "नाताळाला येणार ना रे?" पलीकडून उत्तर नाही. एक क्षण गेला, दुसरा गेला. आईच्या मनाला तेवढे पुरे झाले. त्या म्हणाल्या, "काम असेल तर राहू दे." त्यावर पलीकडून "ना" एवढे एकच अक्षर आले, पुढे नुसती खरखर, आणि थोड्याच वेळात फोन बंद पडला. "पूर्वी विचारायच्या आधीच 'येतो' म्हणायचा," मावशी म्हणाल्या, "आता त्याला विचार करावा लागतो. आणि विचार करून सांगतो काय, तर 'ना'!"

मंगळवारी रात्री त्याच मुलाचा आम्हांस फोन आला. "काका, आई रागावली आहे काय माझ्यावर? मी नाताळाचे तिकीट काढून ठेवले आहे, आणि ती म्हणते, 'राहू दे'. तेव्हापासून फोनही उचलीत नाही."

आम्ही दोघांचे बोलणे शेजारी शेजारी मांडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आईने प्रश्न विचारताच मुलाने उत्तर दिले होते : "नाताळाला येणार, तिकीट काढलंय." परंतु ते उत्तर वाटेत रेंगाळले. तेवढ्यात आई बोलू लागली व दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले. आईला 'नाताळाला' या शब्दाचे पहिले अक्षर तेवढे ऐकू आले आणि मुलाच्या कानी 'राहू दे' एवढीच शेपटी पडली. दोघेही मायेने बोलले होते, आणि दोघांनीही चार दिवस दुःखात काढले.

वाचकहो, ही हकीकत आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली आहे. आमच्या बेळगाव-खानापूर भागातील काय किंवा गोव्यातील काय, पुष्कळ घरांतील माणसे आज आखातात, जहाजांवर अथवा दूरच्या शहरांत पोटासाठी गेलेली आहेत. पूर्वी पत्र येई. ते चार वेळा वाचता येई व शेजाऱ्याकडून वाचून घेता येई. आता आजाऱ्याच्या औषधापासून मुलीच्या सोयरिकीपर्यंत सारे बोलणे फोनवर होते, आणि तो फोन बहुधा इंटरनेटवरून लावलेला असतो. तेव्हा तो आवाज कशाने बिघडतो हे जाणून घेणे हे केवळ इंजिनिअर लोकांचे काम राहिलेले नाही. घरातील कर्त्या माणसासही ते ठाऊक असले पाहिजे, नाहीतर यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारला जातो.

प्रथम आवाज जातो कसा ते पाहू. जुन्या टेलिफोनमध्ये दोन माणसे बोलत असेतोवर त्यांच्याकरिता एक वाट राखून ठेविलेली असे. दुसऱ्या कोणाचे बोलणे त्या वाटेवर येत नसे. इंटरनेटवर अशी राखीव वाट नाही. तेथे आपल्या बोलण्याचे बारीक तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका पाकिटात घालतात, त्यावर पत्ता व क्रमांक लिहितात आणि टपालात टाकावीत तशी ती पाकिटे एकामागून एक सोडून देतात. एका पाकिटात बहुधा २० मिलिसेकंदांचे बोलणे मावते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. म्हणजे सेकंदाला ५० व मिनिटाला ३००० पाकिटे आपल्या घरून निघतात आणि तितकीच पलीकडून येतात. ही युक्ती तशी जुनी आहे. अमेरिकेत डॅनी कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ च्या सुमारास अशा रीतीने पाकिटांतून आवाज पाठवून दाखविला होता. आपल्या देशात सर्वसाधारण लोकांस इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, आणि त्यावरून फोन करण्यास सरकारने परवानगी दिली ती १ एप्रिल २००२ पासून.

आता बहुतेकांची अशी समजूत असते की इंटरनेटचा वेग वाढविला म्हणजे आवाज आपोआप सुधारेल. मावशींच्या नातवानेही मोठ्या रकमेचा मासिक प्लॅन घेतला होता. परंतु हिशेब करून पाहावा. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीने आवाज मोजावयाचा झाला तर सेकंदाला ८००० मोजमापे घेतात व एका सेकंदाच्या आवाजास ६४ हजार बिट लागतात. पाकिटांवरचे पत्ते धरले तर सुमारे ८० हजार. नव्या पद्धतींना याहूनही पुष्कळच कमी पुरते. याउलट सिनेमाची चांगली चित्रफीत पाहावयास सेकंदाला काही दशलक्ष बिट लागतात. तात्पर्य, आवाजाला रुंद रस्ता लागत नाही. त्याला वेळेवर येणारी गाडी लागते. गाडी केव्हा व कशी चुकते, याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार विलंबाचा. दूरसंचाराचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सांगणे असे आहे की एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूस १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बहुतेक माणसांस काही खटकत नाही. ४०० च्या वर गेल्यास संभाषण नीट चालत नाही. एवढासा काळ तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु माणसाचे बोलणे फार नाजूक असते. निरनिराळ्या देशांतील दहा भाषा तपासून विद्वानांनी २००९ मध्ये असे दाखविले की एकाचे बोलणे संपल्यापासून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरीने सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंद जातात. याहून जास्त वेळ गेला की ऐकणाऱ्यास 'हा का बरे थांबला?' असे वाटू लागते. आता उत्तराचा शब्द येण्यास प्रश्नाचे जाणे व उत्तराचे येणे असा दुहेरी विलंब लागतो. जाण्यास ४०० व येण्यास ४०० धरले तर जवळजवळ एक सेकंद गेला! मुलाने तत्काळ उत्तर दिले तरी आईच्या कानाला ते अडखळून दिलेले वाटणारच.

जर्मनीतील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसून आले. फोनच्या वाटेत विलंब वाढविला असता, बोलणाऱ्यांना वाट संथ आहे असे न वाटता पलीकडचा मनुष्यच कमी लक्ष देणारा वाटू लागला. मावशींचे झाले ते याहून निराळे नाही.

मग कुवेत दूर आहे म्हणून विलंब लागला काय? तसेही म्हणता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. तीन हजार किलोमीटरची वाट त्याला १५ मिलिसेकंदांची. खरा वेळ खर्च होतो तो पाकीट भरण्यात, रांगांत थांबण्यात आणि फेऱ्याने जाण्यात. कधीकधी समुद्रतळावरची केबल तुटते व सारी वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अशा केबल तुटल्या तेव्हा भारतातील व आखातातील इंटरनेट मंदावले होते; सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या तेव्हाही हाच अनुभव आला. जहाजावर नोकरी करणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांचा फोन जर जुन्या प्रकारच्या उपग्रहावरून येत असेल तर तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असतो. आवाजाने वर जाऊन खाली यावयाचे म्हणजे एका बाजूलाच पाव सेकंद लागणार, आणि त्याला कोणाचा इलाज नाही. अलीकडे सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आले आहेत. त्यांच्यावरून हा विलंब फार कमी होतो.

दुसरा प्रकार अनियमितपणाचा. पाकिटे ५० च्या हिशेबाने निघाली तरी वाटेतील गर्दीमुळे काही लवकर येतात, काही उशिरा. याला तंत्रज्ञ 'जिटर' म्हणतात. आलेले पाकीट तसेच वाजविले तर बोलणे आचके देत चालेल. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एक छोटे विसाव्याचे ठिकाण केलेले असते. तेथे पाकिटे क्षणभर थांबवून, क्रम लावून, मग सारख्या अंतराने वाजवितात. यात एक पेच आहे. विसावा फार लहान ठेवला तर उशिरा आलेली पाकिटे फेकून द्यावी लागतात व शब्द तुटतात. फार मोठा ठेवला तर शब्द सलग ऐकू येतात, पण विलंब वाढतो. फोन आपल्या परीने यांत मेळ घालीत असतो. वाट फारच ओढाताणीची झाली म्हणजे आवाज कधी ओढल्यासारखा, कधी घाईचा, कधी लोखंडी पिंपातून आल्यासारखा होतो, तो यामुळेच.

तिसरा प्रकार गळतीचा. गर्दी झाली म्हणजे वाटेतील यंत्रे काही पाकिटे टाकून देतात. पत्र, फोटो किंवा रेकॉर्ड करून पाठविलेला निरोप असेल तर हरवलेला तुकडा पुन्हा मागविता येतो व सारे तुकडे जमल्यावरच तो आपल्यापुढे येतो. चालू बोलण्यात मात्र वाट पाहण्यास सवड नसते. गेले ते गेले. एखाददुसरे पाकीट गेले तर फोन मागच्या आवाजावरून ठिगळ लावतो व आपल्याला कळतही नाही. परंतु पाकिटे नेहमीच एकेकटी हरवतात असे नाही. गर्दीत हात सुटलेल्या मुलांप्रमाणे ती कधीकधी एकदम आठ-दहा हरवतात. दहा पाकिटे म्हणजे २०० मिलिसेकंद. तेवढ्यात एक आखखा छोटा शब्द जातो.

आणि येथे आम्हा मराठी बोलणाऱ्यांनी विशेष सावध राहिले पाहिजे. आमच्या भाषेत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो. "येणार नाही" यातले शेवटचे दोन अक्षर गळाले तर उरते "येणार". "ही गोळी रिकाम्या पोटी देऊ नये" यातले "नये" गेले तर उरते "देऊ". वाक्याचे अंग शाबूत, अर्थ मात्र उलटा! जो निरोप चुकला असता नुकसान होईल, त्यात नकार आधी सांगावा व वेगळा करून सांगावा : "नाही, द्यायची नाही. रिकाम्या पोटी गोळी द्यायची नाही." व्याकरणाच्या दृष्टीने हे थोडे पाल्हाळाचे होईल, पण घरात आजारी माणूस असता पाल्हाळ परवडते.

आकड्यांचेही तसेच. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० या कंपनसंख्यांमधलाच आवाज पलीकडे जातो. 'स', 'श', 'फ' यांसारख्या अक्षरांतील फुत्कार बराचसा याहून वरच्या पट्टीत असतो व तो गाळला जातो. नव्या पद्धती पुष्कळ अधिक रुंद पट्टी वाहून नेतात. २०१२ मध्ये प्रमाण म्हणून मान्य झालेली 'ओपस' नावाची पद्धत सेकंदाला ६ हजार बिटांपासून ५१० हजार बिटांपर्यंत हवी तशी लहानमोठी होऊ शकते. मात्र वाट खराब झाली की असली पद्धतही आवाज आवळून लहान करते, आणि मग 'सात' व 'साठ' यांत फरक करणे कठीण जाते. म्हणून रक्कम सांगताना "साठ, म्हणजे सहा आणि शून्य" असे सांगावे. पूर्वीच्या तारमास्तरांची ही शिस्त आजही उपयोगी आहे.

येथपर्यंत वाटेचे दोष झाले. परंतु मुलाचा तो फोन आल्यावर आम्ही मावशींच्या घरी जाऊन पाहिले, तेव्हा जे आढळले त्यावरून आमची खात्री झाली की निम्मे दोष उंबऱ्याच्या आतलेच असतात.

मावशींचे घर जुने, चिऱ्याच्या जाड भिंतींचे. इंटरनेटचा राऊटर पुढल्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे, धूळ लागू नये म्हणून वर रुमाल टाकून ठेविलेला. बोलणे व्हावयाचे ते मागल्या स्वयंपाकघरात. वायफायच्या लहरी चिऱ्याच्या भिंतीतून जाताना क्षीण होतात व लोखंडाआड त्यांना वाटच मिळत नाही. लहर क्षीण झाली म्हणजे राऊटर व फोन तेच पाकीट पुनःपुन्हा पाठवून पाहतात. पाकीट पोचते, पण उशिरा; म्हणजे पुन्हा तो अनियमितपणा आलाच. पडद्यावर वायफायच्या रेघा दिसत होत्या, म्हणून कोणाला संशय आला नाही.

दुसरे असे आढळले की शुक्रवारी संध्याकाळी नातू आपल्या आठवड्याच्या चित्रफिती व फोटो वर पाठवीत बसे. घरातून बाहेर जाणारी वाट बहुधा आत येणाऱ्या वाटेहून अरुंद असते. ती अशा मोठ्या सामानाने भरली म्हणजे आवाजाची छोटी पाकिटे राऊटरमध्ये त्या सामानाच्या मागे रांगेत उभी राहतात. रिकाम्या पिशवीच्या बाईने धान्याच्या गाड्यांमागे थांबावे तसा हा प्रकार. जिम गेटिस या अमेरिकन तज्ज्ञाने २०१०-११ च्या सुमारास या दोषाकडे जगाचे लक्ष वेधले. यंत्रांतील रांगा अतिशय लांब ठेवल्यामुळे पाकीट हरवत नाही खरे, पण शिळे होऊन पोचते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साऱ्या घराला ऐकू यावे म्हणून फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेविला जाई. स्पीकरमधून येणारा मुलाचा आवाज खोलीच्या भिंतींवर आपटून पुन्हा त्याच फोनच्या माईकमध्ये शिरतो व परत मुलाकडे जातो. मुलाला आपलेच बोलणे उलटून ऐकू येते. याला प्रतिध्वनी म्हणतात. तो पुसून काढण्याची युक्ती बसविणाऱ्यांत मूळचे भारतीय असलेले मनमोहन सोंधी यांचे नाव मोठे आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी १९६७ मध्ये या विषयावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. आज प्रत्येक मोबाईल फोनमध्ये अशी काही युक्ती असते. परंतु स्पीकर मोठ्याने वाजत असला व दोन्हीकडून एकदम बोलणे सुरू झाले, म्हणजे ती युक्ती गोंधळते आणि पुष्कळदा एका बाजूचा आवाजच दाबून टाकते. मावशी "काम असेल तर" म्हणत होत्या नेमक्या त्याच वेळी मुलाचे "नाताळाला येणार" येऊन पोचले. दोघांचेही शब्द कापले गेले.

यावरून एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याला आपलाच आवाज उलटून ऐकू येत असेल तर दोष बहुधा पलीकडच्या माणसाच्या फोनचा असतो. त्याने स्पीकर बंद करावा किंवा कानात इअरफोन घालावा. आपल्याला त्याचे बोलणे स्वच्छ ऐकू येते पण त्याला आपले तुटक ऐकू येते, असे असेल तर आपल्या घरातून बाहेर जाणारी वाट तपासावी. दोन्हीकडे तुटत असेल तर वाट मधली असेल किंवा दोन्ही टोकांची असेल. आपण जागा बदलून पाहावी, पलीकडच्यासही बदलावयास सांगावी. मावशींच्या मुलाला विचारले तेव्हा कळले की एका खोलीतील आठ जणांचे एकच वायफाय, आणि शुक्रवारी संध्याकाळी आठही जण आपापल्या घरी फोन लावून बसतात. आठ घरांचा जिव्हाळा एका अरुंद दारातून बाहेर पडावयाचा, मग चेंगराचेंगरी होणारच.

आता उपाय सांगतो. ते सारे बिनखर्चाचे किंवा अल्पखर्चाचे आहेत.

राऊटर कपाटामागून काढून उघड्यावर, थोड्या उंचीवर, मधल्या खोलीत ठेवावा, व बोलताना त्याच्या जवळ बसावे. राऊटरवर दोन पट्ट्या असतील तर जवळून बोलताना ५ गिगाहर्ट्झची पट्टी वापरावी, २.४ ची पट्टी भिंती ओलांडून दूरवर पोचते, पण तिच्यावर शेजाऱ्यांच्या वायफायची व मायक्रोवेव्ह शेगडीचीही ढवळाढवळ असते. फोन चालू असता घरातील इतरांनी फोटो-चित्रफिती पाठविणे थांबवावे. तारेचा साधा इअरफोन घ्यावा. त्याने प्रतिध्वनीचा प्रश्नच मिटतो आणि माईक तोंडाजवळ राहतो. बिनतारी इअरफोन पुष्कळ वेळा माईक सुरू होताच आवाजाची प्रत उतरवितो, हेही ध्यानात ठेवावे. डोक्यावरचा पंखा, टीव्ही व चुलीवरची फोडणी यांचा आवाज माईकला माणसाच्या आवाजाइतकाच खरा वाटतो. तो गाळण्याच्या खटपटीत फोन आपले हळू बोललेले शब्दही गाळून टाकतो. वृद्ध माणसांच्या बारीक आवाजाचे यात फार हाल होतात. चित्रासह बोलत असता आवाज तुटू लागला तर चित्र बंद करावे. वाट मोकळी होते.

डोंगराकडच्या गावांत वायफाय नसते व मोबाईलच्या टॉवरवरच भिस्त असते. तेथे आणखी एक भेद जाणून घ्यावा. ४जी फोनवरून साधा नंबर फिरवून लावलेला फोनही आजकाल पाकिटांतूनच जातो, पण कंपनीच्या जाळ्यात त्या पाकिटांना पुढे जाण्याचा मान असतो. ॲपवरून लावलेल्या फोनच्या पाकिटांना तो मान नसतो. ती इतर सर्व गर्दीबरोबर रांगेत उभी राहतात. म्हणून देशातल्या देशात महत्त्वाचे बोलावयाचे असेल आणि ॲपवरचा आवाज तुटत असेल, तर सरळ साधा फोन लावावा. परदेशी साधा फोन महाग पडतो. तेथे गर्दीची वेळ टाळून, रात्री उशिरा नाहीतर पहाटे बोलावे. कुवेतची वेळ आपल्यामागे अडीच तास असते. तिचा विचार करून दोघांनी वेळ ठरवावी.

आणि ज्या गोष्टीवर काही मोठे अवलंबून आहे, जसे औषध, पैसे, तारीख, होकार किंवा नकार, ती गोष्ट बोलणे झाल्यावर लिहूनही पाठवावी. लिहिता येत नसेल तर आवाजाचा निरोप रेकॉर्ड करून पाठवावा. वर सांगितल्याप्रमाणे असा निरोप सारे तुकडे गोळा झाल्यावरच पोचतो. तो उशिरा येईल, पण अर्धा येणार नाही. शिवाय पत्राप्रमाणे तो पुन्हा ऐकता येतो.

इतके करूनही आवाज कधी ना कधी तुटणारच, कारण सारी वाट आपल्या हातची नाही. अशा वेळी शिस्त हाच उपाय. एकाने बोलावे व थांबावे. दुसऱ्याने ऐकलेले थोडक्यात उलटून सांगावे : "तू येणार म्हणालास ना?" आणि उत्तर येईपर्यंत मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत. उत्तरास उशीर झाला याचा अर्थ उत्तर देण्यास माणूस नाखूष आहे असा कधीही करू नये. फार दिवसांचा दुरावा असला म्हणजे मन आधीच हळवे झालेले असते. रिकाम्या जागेत ते आपल्या भीतीचे शब्द भरते. मावशींना तो दुरावेल ही भीती होती. मुलाला आईला आपली गरज उरली नाही ही भीती होती. यंत्राने फक्त अर्धा सेकंद रिकामा ठेवला, आणि त्यात दोघांनी आपापली भीती भरली.

त्या मंगळवारी रात्रीच आम्ही मुलास सांगितले की आधी आवाजाचा निरोप पाठव. तो दहा मिनिटांत आला. "आई, मी नाताळाला येणार आहे. तिकीट काढलं आहे. बावीस तारखेला पोचतो." मावशींनी तो आमच्यादेखत तीन वेळा ऐकला, आणि चौथ्या वेळी तारीख नीट कळली नाही असे सांगून पुन्हा लावावयास लावला. पुढल्या शुक्रवारी राऊटर मधल्या खोलीत आला होता, नातू अंगणात गेला होता, आणि मावशी तारेचा इअरफोन कानाला लावून, पंखा बंद करून, घाम पुसत बोलत होत्या. आवाज साफ होता. मध्ये एकदा तो गेलाच. मावशी गप्प राहिल्या. त्यांच्या ओठांची हालचाल आम्हांस दिसत होती : एक, दोन, तीन. मग पलीकडून हाक आली, "आई, ऐकतेस ना?"